पानशेतचा पूर आठवतो, सकाळचा नाश्ता आठवत नाही: मेंदूची कोणती क्षमता अडतेय ते घरच्यांनी कसं ओळखावं आणि पुढे काय करावं

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी वाड्याच्या कितव्या पायरीला लागलं होतं, कोण कुणाच्या माळ्यावर जाऊन बसलं होतं, हे आजोबा न अडखळता सांगतात. अर्ध्या तासापूर्वी पोहे खाल्ल्याचं मात्र त्यांच्या गावीही नसतं आणि ते पुन्हा नाश्ता मागतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "यांना सगळं आठवतं हो, मुद्दाम करतात."

मुद्दाम करत नाहीत. साठ वर्षांपूर्वीची आठवण मेंदूच्या बाह्य थरात दूरवर पसरून पक्की झालेली असते. आजची आठवण टिकवायला मात्र हिप्पोकॅम्पस लागतो. कानशिलाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे असलेला हा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग. अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण, बहुतेक वेळा याच परिसरात सुरू होतो. म्हणून जुनं लख्ख आणि नवं कोरं ही जोडी तब्येत चांगली असल्याचा पुरावा नव्हे, ती तपासणीला जाण्याची खूण आहे. रामरक्षा, हरिपाठ, पावकी-दिडकीचे पाढे यांचंही तसंच. हजारो वेळा म्हणून ते जिभेवर बसलेले असतात. ते न चुकता म्हणता आले म्हणून "डोकं शाबूत आहे" असा निष्कर्ष काढू नका.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपल्या घरांमध्ये निदानाचं काम करते आणि त्यात वर्षं वाया जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या ९२-९३ जणांना तो नाही. वयानं मेंदू मंदावतो, नाव उशिरा आठवतं, एका वेळी दोन कामं जमत नाहीत. पण नेहमीचं काम अर्ध्यावर अडायला लागलं, तर ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

सगळ्यात आधी विचारा: हे किती दिवसांत झालं?

बाकी सगळं नंतर. कालपर्यंत माणूस ठीक होता आणि आज भलतंच बोलतोय, रात्री उठून कपाटं उघडतोय, सकाळी जरा बरा आणि संध्याकाळी पुन्हा भरकटलेला, असं असेल तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. जुनी माणसं "तापात वात झाला, बरळतोय" म्हणायची, तीच ही अवस्था. वैद्यकीय भाषेत डिलिरियम. तो तासा-दिवसांत येतो, त्यामागे शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं.

नेहमीची कारणं अशी: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर फार खाली जाणं, लघवी तुंबणं, चार-पाच दिवसांचं बद्धकोष्ठ, नवं सुरू झालेलं औषध, रोजची दारू अचानक बंद होणं, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारा घटक असतो आणि म्हाताऱ्या माणसांत त्यानं सोडियम झपाट्यानं उतरू शकतं. नॉर्मल १३५ ते १४५, हा आकडा लक्षात ठेवा.

घरी ओळखायची सोपी रीत म्हणजे वार उलटे म्हणायला सांगणं, रविवार, शनिवार, शुक्रवार असे. डिलिरियममध्ये लक्षच टिकत नाही, त्यामुळे दोन वार म्हणून गाडी थांबते किंवा पुन्हा सुलटी धावायला लागते. आरडाओरडा करणारा डिलिरियम लगेच कळतो. हुकतो तो शांत प्रकार. आई दिवसभर झोपून आहे, हाक मारली तर "हं" म्हणते, जेवत नाही, आणि घरच्यांना वाटतं की दमली असेल. खरं तर या शांत प्रकाराचंच जास्त भय बाळगायला हवं. आधीपासून स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला डिलिरियम पटकन होतो, तेव्हा "आजार एकदम वाढला" असं वाटलं की आधी ताप आणि लघवी तपासा.

एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तर लगेच १०८. पक्षाघातात मिनिटं मोजली जातात.

बदल महिन्यांत झाला असेल तर: कोणती क्षमता?

"स्मरणशक्ती गेली" हे वाक्य डॉक्टरांच्या फारसं उपयोगाचं नाही. मनोविकारांच्या निदानासाठी जगभर वापरलं जाणारं डीएसएम-५ हे वर्गीकरण २०१३ मध्ये आलं. त्यात मेंदूच्या बोधात्मक क्षमतांचे सहा गट केले आहेत: लक्ष, नियोजन, स्मृती, भाषा, दृष्टी आणि हालचाल यांचा मेळ, आणि सामाजिक जाण. कोणत्या गटापासून पडझड सुरू झाली यावर आजार कोणता हे बरंचसं ठरतं.

लक्ष म्हणजे गोंगाटातही हातातलं काम धरून ठेवणं. मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी वाचून दुसऱ्या पडद्यावर टाकेपर्यंत डोक्यात टिकवणं हे रोजचं उदाहरण. कुकरच्या शिट्ट्या मोजताना कुणी बोललं की गिनती सुटणं हे थोडंफार सगळ्यांचंच होतं. शांत खोलीतही सुटायला लागलं तर नोंद करा.

नियोजन हा गट घरात सगळ्यात उशिरा ओळखला जातो, म्हणून त्यावर जरा थांबू. उकडीचे मोदक घ्या. सारण आधी करून गार करायचं, पाणी उकळायला ठेवायचं, पिठी घालून वाफ आणायची, उकड गरम असतानाच मळायची, आणि हे सगळं आरतीच्या वेळेआधी. सारणाचं प्रमाण आईला अजून पाठ असतं. पण उकड झाली तरी नारळ खवलेला नसतो आणि मग ती चिडून म्हणते, "यंदा विकतचेच आणा." कृती आठवते, क्रम लागत नाही, आणि अडल्यावर दुसरा मार्ग सुचत नाही. अशा वेळी "आईचा उत्साहच गेला" असं म्हटलं जातं. कपाळामागचा भाग आणि त्याला जोडणारी मेंदूतली वायरिंग दमली की असं होतं.

स्मृतीबद्दल वर आलंच. तिथे एक फरक नेमका पकडा: सुचवल्यावर आठवतं का? "काल कोण आलं होतं?" याला उत्तर नाही, पण "सोलापूरहून कुणी आलं होतं का?" म्हटल्यावर "हो, मावशी!" आली, तर आठवण साठवली गेली आहे, काढायला अडचण आहे. सुचवूनही "कुणीच आलं नाही" असंच ठाम उत्तर आलं, तर आठवण साठवलीच गेलेली नाही. पहिला प्रकार नैराश्यात, पार्किन्सनमध्ये, रक्तवाहिन्यांच्या आजारात जास्त दिसतो. दुसरा अल्झायमरमध्ये.

भाषेतली घसरण कानावर पडते. "पळी" शब्द सुचत नाही आणि "ते हे... वरण ढवळायचं ते" असं वर्णन येतं. महिन्या-महिन्यानं "ते", "हे", "तसलं" वाढत जातात आणि नामं कमी होतात. दृष्टी-हालचालीचा मेळ बिघडला की निऱ्या जमत नाहीत, शर्टाची बाही सापडत नाही, चहा कपाबाहेर पडतो, दारातलं काळं पायपुसणं खड्डा वाटून पाय थबकतो. चष्म्याचा नंबर तीनदा बदलूनही "नीट दिसत नाही" आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत, तेव्हा मेंदूच्या मागच्या भागाचा विचार व्हायला हवा. सामाजिक जाण म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचणं, प्रसंग ओळखणं. आयुष्यभर मर्यादेनं वागलेला माणूस कुणाच्या दहाव्याला जाऊन मोठ्यानं विनोद सांगतो, अनोळखी माणसाच्या ताटातलं उचलतो. त्याला आपल्याकडे "म्हातारचळ" हा क्रूर शब्द आहे. तो पन्नाशीतही होतो आणि तो आजार असतो.

दोन कप चहात सहाही क्षमता दिसतात

चाचण्यांपेक्षा रोजचं काम जास्त सांगतं. दोन कप चहा करायला सांगा आणि मदत न करता बाजूला उभे राहा. एक कप पाणी, दोन चमचे साखर, दोन चमचे चहा पावडर, आलं, मग एक कप दूध, उकळी, गाळणं.

साखर घातली हे विसरून पुन्हा साखर पडली, तर स्मृती. सगळं साहित्य ओट्यावर काढलं पण सुरुवात होत नाही, किंवा दूध आधी ओतलं आणि पाणी राहिलं, तर नियोजन. मध्येच फोन वाजला आणि चहाकडे परत येणंच झालं नाही, तर लक्ष. लायटर हातात आहे पण बर्नरपाशी नेमका धरता येत नाही, गाळणं कपावर बसत नाही, तर दृष्टी-हालचाल. "ते पांढरं दे" म्हणून साखर मागितली, तर भाषा. चहा उत्तम झाला, पण पाहुण्यांना न देता स्वतःच दोन्ही कप पिऊन टाकले, तर सामाजिक जाण.

कुठल्या पायरीवर गाडी अडली ते लिहा. उपायही त्याच पायरीवर करायचा आहे, पूर्ण चहा काढून घ्यायचा नाही. एवढी एक गोष्ट धरली तरी पुढचं बरंच सोपं होतं.

दोन आठवड्यांची वही

पहिल्या भेटीत डॉक्टरांना वेळ थोडा असतो, आणि त्या अर्ध्या तासात बाबा एकदम तरतरीत, हसतमुख बोलतात. घरचे मग खोटे पडतात. म्हणून वही. रोज तीन ओळी पुरतात: काय घडलं, किती वाजता, आणि त्यांनी ते कसं निभावलं. "बाबा विसरले" असं लिहू नका. "मंगळवार, सायंकाळी ६. डेअरीतून दूध आणलं, पिशवी गॅलरीत ठेवली, २० मिनिटांनी पुन्हा दूध आणायला निघाले. सांगितल्यावर पटलं नाही" असं लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडायची सवय असेल, तर मागच्या वर्षीचं कॅलेंडर शोधून दोन्ही शेजारी ठेवून बघा. आकडे कधीपासून गळायला लागले, अक्षर कधी बदललं, याचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही.

वाट चुकण्याच्या नोंदीत तारतम्य ठेवा. पुण्यात मेट्रो, उड्डाणपूल आणि बदललेल्या एकेरी वाटांनी तरुणही गोंधळतात. स्वारगेटला नव्या फाट्यावर चुकणं हे लक्षण नाही. तीस वर्षं रोज चाललेल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून परतताना चुकणं हे आहे.

तारीख विचारतानाही तसंच. निवृत्त माणसाला इंग्रजी तारखेची गरजच पडत नाही. चतुर्थी कधी, एकादशी कधी हे विचारा. ते अचूक असेल तर काळाचं भान आहे.

एक शेवटचा प्रश्न वहीत हवा: मदतीशिवाय जगणं चालतंय का? वीजबिल, बँक, औषधं, एकट्यानं प्रवास ही कामं कष्टानं, चिठ्ठ्या लावून का होईना, स्वतः होत असतील तर बिघाड सौम्य म्हणतात. दुसऱ्याशिवाय होत नसतील तर मोठा. सौम्य अवस्थेतल्या सगळ्यांचाच आजार वाढतो असं नाही. काहीजण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही सुधारतातही.

तीन शब्द आणि एक घड्याळ

जगभर वापरली जाणारी ही छोटी चाळणी तीन मिनिटांत होते. निदान यावर करायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं की नाही एवढंच ठरवायचं.

तयारी महत्त्वाची. सकाळची वेळ, पोट भरलेलं, चष्मा डोळ्यांवर, कानाचं यंत्र कानात आणि त्याची बॅटरी चालू. नातवंडं खोलीबाहेर. तीन असंबद्ध शब्द सावकाश सांगा, उदाहरणार्थ केळं, मंदिर, खुर्ची, आणि लगेच म्हणवून घ्या. इथेच म्हणता आले नाहीत तर कान किंवा लक्ष यांत अडचण आहे. स्मृतीची परीक्षा अजून सुरूच झालेली नाही.

मग कोरा कागद द्या. त्यावर गोल काढून घड्याळाचे आकडे लिहायला सांगा, आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावायला सांगा. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. "दहा" ऐकल्यावर मोठा काटा सरळ दहाच्या आकड्याकडे जायला बघतो. त्याला आवरून तो दोनवर न्यायचा हे नियोजनाचं काम. काटे दहा आणि अकरावर लागले तर सूचना ऐकली, पण आवर घालता आला नाही. बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले गेले तर जागेचा अंदाज किंवा आखणी चुकतेय. कागद जपून ठेवा, तारीख घाला. सहा महिन्यांनी काढलेलं दुसरं घड्याळ याच्या शेजारी ठेवून बघता येतं.

आता ते तीन शब्द विचारा. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक गुण, घड्याळ बरोबर असेल तर दोन, चुकलं तर शून्य. पाचपैकी तीनपेक्षा कमी आले तर तज्ज्ञांची भेट ठरवा.

ज्या आजीनं शाळा पाहिली नाही तिच्यासाठी घड्याळ आणि लिहिण्यावरच्या चाचण्या अन्यायाच्या आहेत. तिला एका मिनिटात मंडईत मिळणाऱ्या भाज्यांची नावं सांगायला सांगा. किती आली यापेक्षा कशी आली ते बघा: मेथी, पालक, चुका असे गट लागतात का, की चार नावांनंतर तीच फिरून येतात? आणि परीक्षा म्हणून घेऊ नका. "आजी, सांग बघू" म्हणत पाहुण्यांसमोर विचारणं हा अपमान आहे. पुढच्या वेळी ती दारही उघडणार नाही.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं, काय विचारायचं

न्यूरोलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ किंवा वृद्धांचे आजार बघणारे फिजिशियन, कुणापासूनही सुरुवात चालते. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जायचं तर केस पेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर निघा. सोबत दोघं जा, एक रांगेत आणि एक माणसाजवळ, कारण गर्दीत लक्ष आधीच कमी पडतं आणि मग तपासणी वाईट येते.

एका पिशवीत घरातली सगळी औषधं भरा, रिकामी पाकिटंही. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, केमिस्टकडून तशीच आणलेली झोपेची गोळी, सर्दीची गोळी, सगळी. कारण स्मृती बिघडवणारी औषधं याच पिशवीत असतात. सर्दी-खाजेसाठीचं क्लोरफेनिरामाइन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, अंगदुखीला आणि झोपेला दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन ही मेंदूतलं ॲसिटिलकोलीन हे रसायन दाबतात, आणि अल्झायमरमध्ये नेमकं तेच कमी झालेलं असतं. अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांनी नवी आठवण धरणं कमी होतं आणि पडण्याचा धोका वाढतो. यातलं काहीही स्वतः एकदम बंद करू नका. झोपेची गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते.

तपासण्यांमध्ये निदान एवढं तरी असावं: हिमोग्राम, साखर, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड आणि यकृताचं काम, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व. बी-१२ वर पुण्यातल्या शाकाहारी घरांनी विशेष लक्ष द्यावं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्राझोल चालू असेल तर तूट आणखी वाढते. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. भरून काढल्यावर काहीजण खरोखर सुधारतात, पण बी-१२ ची इंजेक्शनं अल्झायमर बरा करत नाहीत. त्या आशेवर वर्ष घालवू नका.

एमआरआय सांगितला तर हिप्पोकॅम्पसबद्दल वेगळी टिप्पणी मिळेल का ते विचारा. "वयानुरूप मेंदू आकसलेला आहे" हे वाक्य बहुतेक सगळ्या ज्येष्ठांच्या रिपोर्टमध्ये असतं, ते वाचून धसका घेऊ नका. स्कॅनचं आणखी एक कारण आहे: महिन्याभरापूर्वी न्हाणीघरात डोकं आपटलं, तेव्हा काही वाटलं नाही, आणि आता माणूस सुस्त झालाय. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांत कवटीखाली हळूहळू रक्त साचतं. ते काढता येतं. चाल अडखळती, लघवीवर ताबा नाही आणि बुद्धी मंद, हे त्रिकूट दिसलं तर मेंदूत पाणी साचण्याचा आजार असू शकतो. त्यावरही शस्त्रक्रिया आहे.

कोणता आजार आधी कुठे घाव घालतो

अल्झायमर हळू येतो, नवी आठवण आधी जाते, मग शब्द, मग वाटा. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये पहिल्यांदा मांडलेली रुग्ण पन्नाशीची होती, हे "इतक्या लहान वयात कसं होईल" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश बरेचदा पायरी-पायरीनं उतरतो. काही महिने तसंच, मग एकदम खाली. त्यात वेग आणि नियोजन आधी जातं. रक्तदाब, साखर आणि तंबाखू आवरणं हेच त्यातलं मुख्य औषध.

कपाळामागच्या आणि कानशिलाच्या भागाचा आजार बहुधा ४५ ते ६५ मध्ये येतो, स्वभाव किंवा भाषा आधी बदलते. स्मृतीच्या चाचणीत असा माणूस पैकीच्या पैकी गुण मिळवू शकतो, म्हणून निदान चुकतं.

स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी या प्रकाराची माहिती प्रत्येक घराला हवी, कारण त्यात चुकीचं औषध जिवावर बेततं. खोलीत लहान मुलं किंवा प्राणी दिसतात, दिवसागणिक शुद्ध कमीजास्त होते, चाल आखडते, आणि त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा मारणं चालू असतं. अशा माणसाला कॅज्युअल्टीत गडबड करतो म्हणून शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं तर शरीर लाकडासारखं ताठरू शकतं. "यांना लेवी बॉडी आहे, हॅलोपेरिडॉल चालत नाही" अशी चिठ्ठी आधार कार्डाला जोडून ठेवा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. अल्झायमरमध्ये दिली जाणारी डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमनं सुरू करतात, चार ते सहा आठवड्यांनी १० करतात. ती आजार थांबवत नाही, काही काळ कामं बरी चालतात. नाडी मंदावू शकते म्हणून आधी ईसीजी. रात्री भयानक स्वप्नं पडली तर सकाळी द्यावी का ते डॉक्टरांना विचारा. कपाळामागच्या प्रकारात तिचा उपयोग नाही, चिडचिड वाढते.

घरात: अडलेल्या पायरीलाच आधार

स्मृती अडतेय तर आठवायला लावू नका, दिसेल असं ठेवा. "ओळखलंस का मला?" ऐवजी "आई, मी सुनीता, ऑफिसातून आले" म्हणत आत या. गोळ्यांची आठवड्याची डबी भरायचं काम घरच्यांचं. कप्पा रिकामा झाला की नाही एवढं संध्याकाळी बघा. संडासाच्या दारावर मोठ्या अक्षरात शब्द आणि चित्र लावा, आणि रात्री तिथला दिवा चालूच राहू द्या.

नियोजन अडतंय तर एका वेळी एकच सूचना. "हात-पाय धुऊन, देवाला दिवा लावून जेवायला या" यात तीन कामं आहेत. "चला, हात धुऊ" एवढंच म्हणा आणि उत्तरासाठी दहा सेकंद थांबा. हे दहा सेकंद फार मोठे वाटतात. मनात मोजा. चहासाठी मोजलेली साखर-पावडर वाटीत काढून ओट्यावर डावीकडून उजवीकडे मांडून ठेवा, बाकी चहा आई करेल. गॅसचा कॉक मात्र आपण बंद करायचा, आणि दुपारी घरात कुणी नसेल तर बंदच ठेवायचा.

लक्ष अडतंय तर आवाज कमी करा. जेवताना टीव्ही बंद. गणपतीत दर्शनाला न्यायचं तर गर्दीच्या संध्याकाळी नको. कसब्याला आडवारी सकाळी लवकर जाऊन या. दृष्टीचा मेळ अडतोय तर गडद पायपुसणी उचला, पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी लावा, पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढण्याऐवजी रंगीत किंवा स्टीलचं ताट वापरा.

दिवेलागणीला "मला घरी जायचंय" सुरू होतं. "हेच तुझं घर" हा वाद जिंकता येत नाही. तिन्हीसांजेच्या अर्धा तास आधी सगळे दिवे लावा, चार वाजता चालायला न्या, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. आणि "घरी कोण कोण आहे?" असं विचारून त्या आठवणीत थोडं सोबत बसा. बरेचदा भूक, लघवी किंवा दुखणं त्या वाक्यामागे असतं, तेही बघा.

ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र लवकर लावा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यांत बहिरेपण, न सुधारलेली नजर, रक्तदाब, एकटेपणा आणि डोक्याचा मार आहे. घरातल्या तरुणांच्या हेल्मेटचा प्रश्नही इथेच येतो.

कागद आधी, आजार वाढल्यावर नाही

मुखत्यारपत्र करून ठेवलं की पुढे सगळं चालेल अशी पक्की समजूत असते. भारतीय करार कायद्यानुसार देणाऱ्याची समजशक्ती गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे गरज पडते नेमकी तेव्हाच. त्यामुळे निदान झाल्या-झाल्या, समज शाबूत असतानाच वकिलाला भेटा: नामांकन, संयुक्त खातं, आणि मृत्युपत्र त्याच दिवशीच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आगाऊ सूचना लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय दिली आहे. हे सगळं बाबांच्या इच्छेनं, त्यांना समोर बसवून करायचं आहे.

बँकेचे मेसेज मुलाच्या नंबरवरही येतील अशी व्यवस्था करा, यूपीआयची मर्यादा दोन हजारांवर आणा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार, पहिल्या तासातच पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

बाहेर गेले आणि परतले नाहीत तर

याची तयारी आजच करा. सदऱ्याच्या आतल्या खिशात शिवलेल्या पट्टीवर नाव आणि दोन मोबाइल नंबर. पाकिटात नको, पाकीट विसरतं. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये वेगळा ठेवा, आणि रोज सकाळी घातलेले कपडे लक्षात ठेवा. इस्त्रीवाला, रिक्षा स्टँड, सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा दुकानदार यांना स्पष्ट सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि पहिल्यांदा तेच बघतात.

घरातून नाहीसे झाल्याचं कळलं की एकानं घरीच थांबायचं, कारण ते परत येतात. पंधरा मिनिटं इमारत, गच्ची, पार्किंग, मागची गल्ली शोधा. नाही सापडले तर ११२ लावा. चोवीस तास थांबायची काहीही गरज नसते. दुसऱ्याला जुन्या पत्त्यावर पाठवा. कोथरूडला फ्लॅट घेऊन वीस वर्षं झाली असली तरी पाय वळतात ते सदाशिव पेठेतल्या वाड्याकडे, जुन्या ऑफिसाकडे, रोजच्या बसच्या जुन्या थांब्याकडे. वाडा पडून तिथे इमारत उभी असेल, पण तिच्या फाटकाशी ते दार शोधत उभे असू शकतात. सापडले की "कुठे गेला होतात?" विचारू नका. आधी पाणी द्या, हात धरा, आणि "चला बाबा, चहा टाकलाय" म्हणा.